कॅचरची एकच जागा

अल्फारेटा, ९ जून २०२५

प्रिय सुलेखाताई,

सप्रेम जय भीम.

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं उत्तर तयार असतं, अगदी लहानपणापासून. म्हणून ही लांबलचक ईमेल. शेवटपर्यंत वाच आणि मग काय झाडायचं ते झाड.

बातमी अशी की आमच्या पोरीला, मैत्रीला, कॅम्पचं निमंत्रण आलंय. ज्या युनिव्हर्सिटीच्या सॉफ्टबॉलच्या मॅचेस टीव्हीवर दाखवतात ना, तिथल्या कोचकडून. "डिअर मैत्री" असं नाव घालून. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कॅमेरा चालू होता आणि मी किंचाळले. माझ्या मॅनेजरला वाटलं मला शॉक बसला. ताई, मला तर आत्तापासूनच त्या मोठ्या स्टेडियमवर तिचं नाव पुकारलेलं ऐकू येतंय. त्यांना ते नीट उच्चारता येणार नाही, तो भाग वेगळा.

तुला माहीतच आहे, ती कॅचर आहे. बॅटरच्या मागे गुडघे वाकवून बसायचं, पिचरचा बॉल झेलायचा आणि कुणी बेस चोरायला पळालं तर उठून बॉल थेट सेकंड बेसवर हाणायचा. आठ वर्षांची असल्यापासून हेच वेड. ऑगस्टमध्ये ती ज्युनिअर इयरला जाईल, म्हणजे आपल्या अकरावीत. आणि बाप म्हणून प्रफुल्लने यंदा स्पष्टच सांगितलंय, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगपर्यंत एखाद्या कॉलेजच्या कोचने तिला मागितलं तर ठीक, नाहीतर गावोगाव टूर्नामेंट खेळणारी ती ट्रॅव्हल टीम बंद आणि वीकेंडला अभ्यास. तो दुष्ट नाही गं. शिक्षणाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही, एवढंच. पण मैत्री ताटावरून उठून गेली. तिला कॉलेजात खेळायचंय, बाकी काही सुचत नाही.

म्हणून मीच पदर खोचला. तिचा छानपैकी बायोडेटा केला आणि पन्नासेक कोचना पाठवून दिला. नाव, जन्मतारीख, उंची, वडील सीनिअर डेटा इंजिनिअर, आई क्यूए लीड, मूळ गाव नागपूर, मार्क, भाषा, स्वभाव शांत व मनमिळाऊ. सोबत भीमजयंतीच्या कार्यक्रमातला पांढऱ्या साडीतला फोटो, फार गोड आलाय. सुरुवात "रिस्पेक्टेड मॅडम" अशी. पण एकीचंही उत्तर नाही. माझं काही चुकलं का? तुझी रुही कॉलेजात खेळते, तुला यातलं सगळं कळतं. सांग.

तुझी,
हर्षिता

अ‍ॅशबर्न, ११ जून २०२५

प्रिय हर्षू,

जय भीम. शेवटपर्यंत वाचली. मग रुहीला मोठ्याने वाचून दाखवली, ती सोफ्यावरून खाली घसरली. सुट्टीला घरी आलीये, तिची चांगली करमणूक झाली.

अगं बाई, तू पोरीला टीममध्ये घालतेयस की तिचं लग्न जमवतेयस? साडीतला फोटो? स्वभाव मनमिळाऊ? त्या कोचला काय तिला सून करून न्यायचीय? आणि तुझी नोकरी कशाला घातलीस त्यात, तू थोडीच कॅचिंग करणार आहेस?

आता डोकं शांत ठेवून वाच. कोचला आईबापांच्या मेल नको असतात, मुलीने स्वतः लिहायचं असतं. चार ओळी पुरतात, पण त्या त्याच कॉलेजसाठी लिहिलेल्या पाहिजेत. तुमच्याच कॉलेजात मला का यायचंय, माझी टीम कोणती, या महिन्यात मी कुठल्या मैदानावर खेळणार आहे. खाली व्हिडिओची लिंक. त्यात संगीत नको, चौकार मारल्यासारख्या चार हिट नकोत. बॉल हातात आल्यापासून सेकंड बेसवर पोचेपर्यंत तिला किती वेळ लागतो ते दाखवा, कॅचरचं सगळं नशीब त्यात असतं. आणि एक वाईट इनिंगही राहू दे. चुकल्यावर पोरगी कशी सावरते ते त्यांना बघायचं असतं.

उत्तर न येण्याचं कारण ऐक. सगळ्यात वरच्या पातळीवरच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या कोचना अकरावीच्या एक सप्टेंबरपर्यंत मुलींशी आणि त्यांच्या आईबापांशी भरतीचं बोलायला नियमाने बंदी आहे. मेलला उत्तरही देता येत नाही. कॅम्पची जाहिरात तेवढी पाठवता येते. आणि हर्षू, वाईट वाटून घेऊ नकोस, ते "डिअर मैत्री" कॉम्प्युटर घालतो. असं निमंत्रण शेकडो मुलींना जातं. तू क्यूए लीड ना, दिवसभर सॉफ्टवेअरच तपासतेस, तुला हे मी सांगायचं?

तरी कॅम्पला जाऊ दे, शिकेल. पण सगळे डोळे टीव्हीवरच्या कॉलेजवर ठेवू नका. रुहीचं कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, मार्कांवर मदत मिळते, आणि पोरगी मजेत आहे. जिने तिला घेतलं ती कोच तर वर्षभरात दुसरीकडे गेली. रुही टिकली, कारण तिला ते कॉलेज आवडत होतं. आधी कॉलेज बघायचं, कोच नंतर.

आणि हो, तिची ती अवजड बॅग तू उचलतेस ना? नाही म्हणू नकोस, मागच्या समरला मी डोळ्यांनी पाहिलंय. ती पुढे मोबाइल बघत आणि तू मागे हमालासारखी. कोच पार्किंग लॉटमध्येसुद्धा बघत असतात. ते बंद कर.

तुझी,
सुलेखाताई

अल्फारेटा, २१ जुलै २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

तुझ्या मेलनंतर आमच्या घरात मोठं महाभारत झालं. मैत्रीला बायोडेटाचं कळलं. मग स्वतः बसून तिने पंधरा कॉलेजं निवडली आणि एकेका कोचला वेगळी मेल लिहिली. मला एकही वाचू दिली नाही. व्हिडिओ प्रफुल्लने केला. आधी त्याने ढोलताशा लावला होता, तो मैत्रीने काढायला लावला.

कॅम्पला जाऊन आलो. ताई, ते मैदान बघून माझ्या अंगावर काटा आला. जॉर्जियाची लाल माती, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि मधोमध आपली पोरगी. थ्रो असे सुटत होते की शेजारची एक बाई मला म्हणाली, ती तुमची का? मी म्हटलं हो, माझीच. तेवढ्यात मुख्य कोच आमच्या बाजूला आली. मी हसून पुढे झाले, हात जोडले, नाव सांगितलं. तिने मान हलवली आणि चक्क पाठ फिरवून निघून गेली. मैत्रीशीही एक अक्षर बोलली नाही. मला इतकं लागलं म्हणून सांगू. घरी येताना गाडीत प्रफुल्ल म्हणाला की आपल्याला इथे कोण विचारणार, हे कळायला हवं होतं.

दुसरं एक. गेल्या शनिवारी टूर्नामेंटला टेनेसीतल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीची कोच आली होती. मार्लो नाव. मैत्रीने लिहिलेल्या पंधरांपैकी एक. घरून खुर्ची घेऊन आली होती आणि कॅचरच्या बरोबर मागे, जाळीपलीकडे बसली. मैत्रीचा एक थ्रो सेकंड बेसच्या डोक्यावरून पार मागे सेंटर फील्डमध्ये गेला, दोन रन गेले. मला वाटलं संपलं. मैत्री उठली, पिचरकडे चालत गेली, तिच्या कानात काहीतरी बोलली, दोघी हसल्या, आणि पुढची बॅटर तीन बॉलमध्ये आउट. त्या बाईने खुर्चीत पुढे सरकून काहीतरी लिहिलं. बोलली मात्र तीही नाही.

बॅग मी उचलत नाही आता. हात नुसते शिवशिवतात.

तुझी,
हर्षिता

अ‍ॅशबर्न, २२ जुलै २०२५

प्रिय हर्षू,

जय भीम. ऑफिसातून लिहितेय, सर्व्हर रूमच्या बाहेर उभी राहून, म्हणून थोडक्यात.

पाठ फिरवली ती तुझा अपमान करायला नाही. तू हात जोडून भरतीचं बोलणं सुरू करणार होतीस, आणि त्याची तिला बंदी आहे. मी सांगितलं होतं ना? तू वाचलंस, पण मनात घेतलं नाहीस. आपल्याला सवय असते, कुणी पाठ फिरवली की आपण कारण आपल्यातच शोधतो. प्रफुल्ललाही हे वाचून दाखव.

घरून खुर्ची आणून कॅचरच्या मागे बसलेली कोच मात्र कॅचर शोधायलाच आलेली असते. आता एक सप्टेंबरपर्यंत कुणी काही करायचं नाही. तू तर अजिबात नाही.

तुझी,
सुलेखाताई

अल्फारेटा, २ सप्टेंबर २०२५

ताई, ताई, ताई,

जय भीम. फोन आला.

काल लेबर डेची सुट्टी. आम्ही पोहे खात होतो. मैत्रीचा फोन वाजला, तिने नंबर बघितला आणि पोह्यांची प्लेट हातातून सुटून थेट कार्पेटवर. हळदीचे डाग अजून आहेत, राहू देत. कोच मार्लो. ताई, पहिल्याच दिवशी, सकाळीच.

मैत्री खोलीत गेली, दार लावलं. मी दाराला कान लावणार होते, प्रफुल्लने मला ओढून आणलं आणि मग स्वतःच जाऊन उभा राहिला. बाहेर आली तेव्हा ती रडतही होती आणि हसतही होती. कोच म्हणाली की तुझी मेल आली तेव्हाच तुझं नाव लिहून ठेवलं होतं, उत्तर देता येत नव्हतं. तो सेंटर फील्डमध्ये गेलेला थ्रोही तिला आठवत होता. म्हणाली, थ्रो सुधारता येतो, त्यानंतर तू जे केलंस ते शिकवता येत नाही. आता विमानाशिवाय उडायचं तेवढं राहिलंय आमचं.

पण एक आहे. मैत्रीच्या वर्षाच्या मुलींमधून त्यांना कॅचर एकच घ्यायचीय. तीन मुली त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठरवणार. आम्हाला वीस तारखेला कॅम्पस बघायला बोलावलंय. टीव्हीवाल्या कॉलेजकडून काही नाही. बाकीच्या तेरा कोचपैकी चौघींच्या मेल आल्या, कॅचर नको, आमच्याकडे झाल्या म्हणून. उरलेल्या गप्पच.

मैत्रीने त्या कॉलेजचं मॅकेनिकल इंजिनिअरिंग आधीच धुंडाळून ठेवलंय. प्रफुल्लही रात्रभर तेच वाचत होता. काय नेऊ गं कोचसाठी? चिवडा करू?

तुझी,
हर्षिता

अ‍ॅशबर्न, ४ सप्टेंबर २०२५

प्रिय हर्षू,

जय भीम. मी इथे एकटीने नाचून घेतलं. रुहीला कॉलेजात फोन करून सांगितलं, ती म्हणाली की आता मैत्रीला माझ्याशी बोलायला सांग, आईला नको.

चिवडा नको. घरचे लोक म्हणून गप्प बसा, हीच भेट. प्रश्न मैत्रीला विचारू दे. आणि एक प्रश्न तिने स्वतःला विचारायचा आहे: उद्या गुडघा मोडला आणि कधीच खेळता आलं नाही, तरी या कॉलेजात मला राहावंसं वाटेल का? उत्तर हो असेल तरच पुढे जायचं. तिथल्या मुलींबरोबर जेवायला बसव, कोच बाहेर गेल्यावर त्या काय बोलतात ते ऐकायला सांग.

अजून एक. कोचने तोंडी हो म्हटलं तरी तो शब्दच असतो. सही होते ती बारावीत. तोवर दोन्ही बाजू एकमेकींच्या शब्दावर चालतात, आणि या कोच सगळ्या एकमेकींना ओळखतात. कोण कुणाबरोबर खेळलंय, कोण कुणाची असिस्टंट होती. फार छोटं गाव आहे हे.

तुझी,
सुलेखाताई

अल्फारेटा, ३ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा. काल सगळे हॉलवर जमले होते, वंदना झाली, जेवणं झाली. जो तो विचारत होता, मैत्रीचं काय झालं? मी हसून सांगत होते, होईल, होईल.

कॅम्पसची भेट इतकी छान झाली होती. डोंगराच्या कुशीत मैदान. मैत्री मुलींबरोबर जेवली, त्यांच्या पिचरचे बॉल झेलले, लॅब बघितली. येताना म्हणाली, आई, गुडघा मोडला तरी चालेल. कोच मार्लो तिच्याशी खूप बोलली. प्रफुल्लला घेऊन तिने नवीन जिमही दाखवली, मी तोवर मैत्रीचे फोटो काढत होते. निघताना मात्र कोचचा हात हातात घेतला तर तो थंड वाटला. मी म्हटलं, दमली असेल.

त्यानंतर शुकशुकाट. रोज एखादा तरी मेसेज यायचा, शाळेच्या मॅचला बेस्ट ऑफ लक वगैरे. सगळं बंद. मैत्रीने आभाराची मेल लिहिली, तिला दोन ओळींचं कोरडं उत्तर: तुला शुभेच्छा. पोरगी फोन उशाशी घेऊन बसते. मॅचमध्ये बॉल सुटतात तिच्या हातून. मला वाटतं त्यांनी दुसरी निवडली. की आपल्याला बघून विचार बदलला? मी साडी नेसायला नको होती का?

तुझी,
हर्षिता

अ‍ॅशबर्न, ४ ऑक्टोबर २०२५

हर्षू,

साडीचा काही संबंध नाही. दुसरी निवडली असती तर कोचने तसं सांगितलं असतं, तीही मोकळी झाली असती. "तुला शुभेच्छा" हे दुसरीकडे निघालेल्या माणसाला म्हणतात.

जिममध्ये प्रफुल्ल तिच्याशी काय बोलला ते त्याला विचार. आत्ता विचार. मी इथे वीस वर्षं आयटीत आहे, आपली माणसं कुठे काय बोलतात ते मला माहितीये.

सुलेखाताई

अल्फारेटा, ७ ऑक्टोबर २०२५

सुलेखामावशी,

जय भीम. मी हे फोनला बोलून लिहितेय. संडे स्कूलमध्ये शिकलेलं मराठी मला वाचता येतं, पण टाइप करायला फॉरएव्हर लागतं. चुकलं तर फोनला रागव.

आईने बाबांना विचारलं. मी तिथेच होते. बाबांनी कोच मार्लोला सांगितलं की त्या मोठ्या युनिव्हर्सिटीने मला ऑफर दिलीय आणि त्यांना फ्रायडेपर्यंत उत्तर हवंय. मावशी, त्यांनी मला कधी एक टेक्स्टपण केलेला नाही. बाबा म्हणाले, जॉब शोधताना असंच करतात, हातात दुसरी ऑफर आहे म्हटलं की ते लवकर हो म्हणतात. त्यांना वाटलं ते मला हेल्प करतायत.

रुहीने शोधून काढलं. कोच मार्लो आणि त्या मोठ्या युनिव्हर्सिटीची असिस्टंट कोच कॉलेजात रूममेट होत्या. म्हणजे तिने एक फोन केला असणार. म्हणजे तिला वाटतं की मी खोटारडी आहे.

मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. ते रोज माझ्या दाराशी येऊन उभे राहतात आणि परत जातात. आई म्हणते ती कोचला मेल लिहिते. बाबा म्हणतात ते फोन करून सॉरी म्हणतात. मी दोघांना नो म्हटलं. मीच फोन करणार आहे. पण मी काय सांगू? खरं सांगितलं तर माझे बाबा लायर ठरतात. नाही सांगितलं तर मी ठरते. आणि मला तिथेच खेळायचंय, मावशी. बाकी कुठेच नाही. तू सांग ना.

मैत्री

अ‍ॅशबर्न, ७ ऑक्टोबर २०२५

मैत्री बाळा,

जय भीम. काय सांगायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल, आणि आईबापांची बोलणी त्या कोचने पुष्कळ ऐकलीयत. फोनच कर, टेक्स्ट नको. आई शेजारी बसणार नाही एवढं बघ.

फक्त त्याआधी एक कर. बाबांना विचार की पुण्यात त्यांना पहिली नोकरी कशी मिळाली. विचार आणि मध्ये बोलू नकोस. बाबांनी केलं ते चूकच. मीही माझ्या नोकरीच्या वेळी हेच केलंय, तेव्हा मी त्याला शहाणपणा म्हणत होते.

तुझ्या थ्रोइतकीच तुझी मेलही सरळ आहे. घाबरू नकोस.

मावशी

अल्फारेटा, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुलेखाताई,

सप्रेम जय भीम. आधी खाली बस. हातात चहा असेल तर तो बाजूला ठेव. आणि पुढे स्क्रोल करून शेवट वाचायचा नाही, तुला माझी शपथ.

तुझी मेल आली त्या संध्याकाळी मैत्री गॅरेजमध्ये गेली. प्रफुल्ल तिथे तिचा मिट, तो कॅचरचा जाड हातमोजा, तेल लावून पुसत बसला होता, बोलायला कुणी नसलं की तो तेच करतो. मी किचनमधून ऐकत होते, मुद्दाम नाही, दार उघडं होतं. त्याने सगळं सांगितलं. इंजिनिअरिंगला कॉलेजात दुसरा आलेला मुलगा, पुण्यात मुलाखतीमागून मुलाखती द्यायचा. सगळं छान चालायचं, मग कुणीतरी पूर्ण नाव विचारायचं, आडनाव, गाव, नागपुरात कुठे राहता. आणि मग "कळवतो". कळवायचं कुणी नाही. शेवटी एका ठिकाणी वैतागून तो खोटंच म्हणाला की मला दुसरीकडून ऑफर आहे, उद्या जॉइन व्हायचंय. त्यांनी तासाभरात पत्र दिलं. मला हे माहीत होतं गं, लग्न ठरताना त्याने सांगितलं होतं, हसत हसत सांगितलं होतं. या वेळी तो हसत नव्हता. मैत्री मध्ये एकदाही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने कोचला फोन केला. गाडीत बसून, काचा वर करून. आम्ही दोघं खिडकीत. तिचे ओठ हलताना दिसत होते, बाकी काही नाही. बाहेर आली, म्हणाली, सांगितलं. काय सांगितलंस? खरं ते. कोच काय म्हणाली? थँक्यू म्हणाली, विचार करते म्हणाली. एवढंच. वर जाऊन तिने बॅग भरली आणि प्रॅक्टिसला गेली.

मग आठवडा गेला. ऑक्टोबरचा मध्य आला आणि उलटला. मी फोनकडे बघणं सोडलं. प्रफुल्लने ट्रॅव्हल टीमची पुढच्या सीझनची फी भरून टाकली, मला न विचारता. म्हटलं, थँक्सगिव्हिंगचं काय झालं? तर म्हणाला, ती खेळू दे, कुणी मागो न मागो. ताई, एवढ्या वर्षांच्या संसारात मला त्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता आणि इतकी दयाही आली नव्हती.

आणि गेल्या सोमवारी कोचचा मेसेज आला. शनिवारी या. तिघंही या.

काल गेलो. जाताना गाडीत प्रफुल्ल मनातल्या मनात काहीतरी घोकत होता. कोचचं ऑफिस म्हणजे एक छोटी खोली, भिंतीवर जुन्या टीमचे फोटो, तीन खुर्च्या आमच्यासाठी मांडलेल्या. तो बसलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, मी तुमच्याशी खोटं बोललो, माझ्या मुलीला त्यातलं काही माहीत नव्हतं, माझ्या चुकीची शिक्षा तिला देऊ नका. पाठ केलेलं सगळं इंग्लिश तिथेच संपलं. मैत्री खाली बघत होती.

कोच म्हणाली, बसा. हे मला मैत्रीने सांगितलंय. ती आणखी काय म्हणाली ते तुम्हाला माहितीये का?

मैत्री म्हणाली, कोच, प्लीज. पण कोच थांबली नाही. तिने टेबलावरचा कागद उचलला, फोनवर बोलताना लिहून घेतलं होतं म्हणे, आणि वाचून दाखवलं. "माझे बाबा खोटारडे नाहीत. त्यांना आयुष्यात कुणी पहिलं हो म्हटलेलं नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी हो म्हटलंय असं कळल्यावरच लोक त्यांना हो म्हणतात. त्यांना वाटलं, माझंही तसंच होणार."

प्रफुल्लने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ताई, मी या माणसाला त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला रडताना पाहिलं नव्हतं. मैत्रीने खुर्ची सरकवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पिचरच्या खांद्यावर ठेवते तसा.

कोचने कागद खाली ठेवला. मग त्याच्याकडे बघून, माझ्याकडे नाही, मैत्रीकडेही नाही, त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी सगळीकडे चौकशी केली. तुमच्या मुलीला अजून कुणीही ऑफर दिलेली नाही. म्हणून पहिलं हो आम्ही म्हणतोय."

तुझी,
हर्षिता